बारा ढेंगा

वैजूच्या गाडीने सायकलवाल्याला उडवलं, हे मला वैजूनेच सांगितलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की पोरगी काहीतरी लपवते आहे.

वैजू माझी मुलगी. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. नवरा तिकडे चाकणला कारखान्यात, ही इथे सांगलीत पोरांना घेऊन माझ्याजवळ. मंगळवारी सकाळी मुलांना शाळेत सोडून ती घरी आली, चपला पायातच ठेवून स्वयंपाकघरात शिरली आणि तांब्याभर पाणी उभ्याउभ्याच प्यायली.

"बाबा, येताना वानलेसवाडीच्या अलीकडं एक म्हातारा आडवा आला. सायकलवाला. पाय मोडलाय त्याचा. दवाखान्यात पोचवूनच आले."

"आडवा आला म्हंजे? कुठनं आला?"

"काय की. एकदम आलाच. बीप वाजलाच नाही."

"पुढं बघत हुतीस का?"

"बघत नव्हते तर काय डोळे मिटून चालवत होते? बीप वाजला नाही, बाबा. वाजला असता तर थांबले नसते का मी?"

आता, मी एकतीस वर्षं वाहतूक हवालदार होतो. संशय घ्यायचा मला सरकारने पगार दिला. 'साहेब, सिग्नल हिरवाच होता' असं म्हणणाऱ्याच्या आधी डोळ्यांकडे बघायचं आणि मग लायसनकडे, ही माझी पद्धत. जो माणूस एकच वाक्य दोनदा म्हणतो, तो बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो. वैजूने 'बीप वाजला नाही' हे माझ्यासमोर दोनदा आणि शेजारच्या काकूंसमोर तिसऱ्यांदा म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा मी निवृत्तीनंतरही तिच्याकडे हवालदाराच्या नजरेनेच बघत राहिलो. मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण नजर काही हटेना.

हा बीप काय प्रकार आहे ते सांगतो. आमच्या रस्त्याखाली पाच वर्षांपूर्वी एक तार पुरली. सरकारी नाव 'मार्गसाक्ष', पण लोक तिला तारच म्हणतात. तार तरी कसली, केसासारखा काचेचा धागा. त्याच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची ठिणगी सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी आत बारीक बारीक खोट असतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडा प्रकाश मागे परततो. वरून चाक गेलं की जमीन दबते, धागा किंचित ताणला जातो आणि त्या जागेवरून परतणारा प्रकाश जरासा बदलतो. तो परत यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते, अगदी हातभराच्या हिशेबाने. कसा बदलला यावरून वर काय आहे ते कळतं. ट्रकची थरथर वेगळी, रिक्षाची वेगळी. सायकलीची ओळख म्हणजे दोन बारीक चाकांची सलग कुजबुज आणि त्यावर पेडल मारणाऱ्याच्या वजनाचा ठेका, डावा-उजवा, डावा-उजवा.

पुढे सायकल आली की मागच्या गाडीत बीप वाजतो. अपघात झालाच, तर कोण किती टक्के दोषी हे तारच सांगते. रस्तेवाटपाचा नवा कायदा आला तेव्हापासून डावीकडची पट्टी सायकलींची झाली, प्रत्येक सायकलीला नंबराची पाटी बसली, आणि नियम सोपा झाला. पन्नास टक्क्यांच्या वर मोटारवाला दोषी असेल तर त्याचा परवाना जातो. सायकलवाला असेल तर त्याची पाटी. पासष्टीच्या पुढच्या माणसाची पाटी एकदा गेली की परत मिळत नाही.

यामुळे भांडणं मिटतील असं सगळ्यांना वाटलं होतं. भांडणं मिटली नाहीत, नुसती चोरटी झाली. विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर मोटारवाले सांगतात की सायकलवाले मुद्दाम टायरात हवा कमी ठेवतात, चाकाला सुतळी गुंडाळतात, म्हणजे तारेला चाहूल लागत नाही आणि दोष आपल्या गळ्यात येतो. पलीकडच्या बाकावर सायकलवाले सांगतात, तार ज्यांनी पुरली ते सगळे मोटारीतून फिरतात, मग ती कुणाची बाजू घेणार? मी दोन्ही बाकांवर बसायचो आणि दोघांवरही विश्वास ठेवायचो नाही.

निवृत्तीनंतर मला दोषनिश्चिती केंद्रात काम मिळालं. हुद्दा पडताळणी अधिकारी. तारेने काढलेले टक्के माणसाने एकदा बघून 'मान्य' करायचे, एवढंच काम. फाइलीत नावं झाकलेली असतात, म्हणजे आपपरभाव नको. शेजारी तबस्सुम मुल्ला नावाची इंजिनिअर बसते. तिला तारेतलं सगळं कळतं आणि मला माणसातलं कळतं, असा आमचा आपापसातला समज.

गुरुवारी माझ्यासमोर फाइल आली. मंगळवार, सकाळी सात एक्कावन्न, वानलेसवाडीच्या अलीकडे, व्हॅन, रिकामी, वेग अडतीस. सायकलस्वार, वय बहात्तर, 'अचानक प्रकट'. वाहनचालक दोष अठरा टक्के, सायकलस्वार ब्याऐंशी.

नाव झाकलं म्हणून काय झालं? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ती फाइल मी तिथल्या तिथे परत करायला हवी होती. नात्यातलं प्रकरण आलं की परत करायचं, हा पहिला नियम. मी केली नाही. मला हायसं वाटलं होतं, खरं सांगायचं तर. वैजू सुटली होती, एक बोट दाबलं की प्रकरण मिटत होतं. पण ते हायसं वाटणंच मला टोचायला लागलं. 'अचानक प्रकट'? बहात्तर वर्षांचा माणूस अचानक कसा काय प्रकट होतो?

मोटारवाले म्हणतात तेच असणार, असं मी ठरवलं. म्हाताऱ्याने चाकाला काहीतरी गुंडाळलं असणार. पुरावा सापडला असता तर मीही सुखाने 'मान्य' केलं असतं. वैजूकडून म्हाताऱ्याचा पत्ता मिळाला होता, खणभागातला. पडताळणी अधिकाऱ्याने कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणून मी मुलीचा बाप म्हणून गेलो, दोन शहाळी घेऊन.

महादेव पट्टणशेट्टी शिलाई मशिनी दुरुस्त करतात. सांगली, मिरज, कुपवाड, जिथे जिथे बायका घरी बसून ब्लाउज शिवतात तिथे तिथे सायकलवरून जातात. खाटेवर पाय पसरून बसले होते, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सायकल दारात उभी होती, काळी, जुनी, पुढचं चाक वाकलेलं, नळ्यांच्या मध्ये अवजारांची तिकोनी पिशवी. मी शहाळी ठेवली आणि बोलता बोलता मागच्या टायरवर अंगठा दाबला.

"हवा टच्च भरलीया," ते आतून म्हणाले. "सुतळीबी न्हाई. बघून घ्या नीट."

मी ओशाळलो. "तसं नाही हो, काका."

"तसंच हाय. काल दोघं येऊन गेले, तेबी आधी टायरच दाबत हुते."

मी खाटेशेजारी बसलो. "मुलगी म्हणते तुम्ही एकदम उगवलात."

"उगवायला मी काय हरभरा हाय? कदमबाईंच्या दारात हुतो. त्यांना कामावर जायचं असतंय, म्हणून सकाळीच ये म्हणाल्या. मशिनीला पट्टा बसवला, भाईर आलो, सायकल घेतली, टांग मारायलो हुतो, तवर मागनं बसली."

"म्हणजे सायकल हातात धरून चालत होतात?"

"चालत कशाला? टांग मारायलो हुतो." म्हाताऱ्याला माझ्या अडाणीपणाची गंमत वाटली असावी. "डावा पाय पेडलावर, उजव्यानं जमीन ढकलायची. धा-बारा ढेंगा. गती आली की पाय मागनं टाकायचा. तुम्ही न्हाई का कधी सायकल मारली? त्या नव्या पोरांगत आधी शिटावर बसून मग पेडल मारायला मला ह्या जन्मात जमलं न्हाई. एवढ्या उंच सायकलीवर शिकलोय आम्ही."

मीही तसाच शिकलो होतो.

"पाटी जाईल म्हणतात," ते म्हणाले. आता आवाजातला टवाळपणा गेला होता. "पाय बसंल दोन म्हैन्यात. पन सायकल गेली तर बसलेल्या पायानं कुपवाडला चालत जाऊ का? घरात बसून काय करू मी?" मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाले, "तुम्ही शिंगटे हवालदार न्हवं? वळखलं मी. तुम्हीच हाकललासा मला."

"मी? कधी?"

"तार शिकवायची हुती तवा."

घरी येईपर्यंत मला सगळं आठवलं. तार पुरल्यावर तिला शिकवावी लागते. ही सायकल, ही मोटार, असं हजारदा दाखवावं लागतं, तेव्हा तिला थरथर ओळखता येते. विश्रामबागचा रस्ता तीन सकाळी दोरी बांधून बंद ठेवला होता आणि इंजिनिअरांनी सगळ्या प्रकारचे दोनशे सायकलवाले मागितले होते. ते जमवायचं काम माझ्याकडे होतं. मी एका सायकल क्लबला सांगितलं. सगळे हेल्मेट घालून सहाच्या ठोक्याला हजर, रांगेत उभे, शिट्टी वाजली की सुटायचे. दुसऱ्या दिवशी आठ-दहा म्हातारे आले, कुणाच्या सायकलीला दुधाच्या किटल्या, कुणाच्या मागे गवताचा भारा. ढेंगा टाकत निघायचे, डुगडुगायचे, रांग मोडायचे. मला माझी रांग प्यारी. "उगाच मधेमधे करू नका, उद्या या," म्हणालो, आणि तिसऱ्या दिवशी ते आले तर दोरीच्या आत घेतलं नाही. रजिस्टरमध्ये मात्र 'सर्व प्रकारचे सायकलस्वार' असं लिहून खाली सही ठोकली.

शुक्रवारी मी तबस्सुमला विचारलं, "सायकलीवर बसायच्या आधी माणूस एका पायाने ढकलत असेल, तर तारेला काय दिसतं?"

तिने मला दोनदा ते करून दाखवायला लावलं, खुर्चीला धरून. मग पडद्याकडे वळली. "काका, एकाच पायाचा ठोका म्हणजे पाऊल. चाकांची कुजबुज त्याखाली दबून जाईल. तार पादचारी म्हणेल बहुतेक. आणि रस्त्याच्या काठावरच्या पादचाऱ्यासाठी बीप देत नाही आपण. दिला असता तर दिवसभर वाजतच राहिला असता."

"बहुतेक नको. नक्की सांग."

"नक्की सांगायला कुणीतरी तसं रस्त्यावर करावं लागेल."

शनिवारी सकाळी मी घरामागची माझी काळी सायकल काढली. वैजू व्हॅन घेऊन आधीच गेली होती. तिला मी काही बोललो नाही. का नाही बोललो याची कारणं मी स्वतःला बरीच दिली, पण खरं कारण जुनंच होतं.

कदमबाईंच्या दारासमोर उभा राहिलो. कानात फोन, पलीकडे केंद्रात तबस्सुम. डावा पाय पेडलवर ठेवला आणि उजव्याने जमीन ढकलली.

"दिसताय काका," ती म्हणाली. "पादचारी. पादचारी. अजून पादचारी."

मी मोजत होतो. बाराव्या ढेंगेला पाय मागून टाकला आणि सीटवर बसलो.

"आता झालात सायकल. पण तिला खात्री पटायला वर चार सेकंद लागले."

मी परत मागे आलो आणि पुन्हा केलं. पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. बारा ढेंगा आणि चार सेकंद एवढा वेळ मी रस्त्यावर सायकल घेऊन होतो आणि तारेच्या लेखी सायकल नव्हतीच. पण मला त्याहून वेगळंच काहीतरी खुपायला लागलं होतं. इतक्या गाड्या शेजारून गेल्या, एकानेही वेग कमी केला नाही, एकानेही हॉर्न मारला नाही, शिवी तर राहिलीच. माझ्या काळात असा म्हातारा मधे आला असता तर त्याची सात पिढ्यांची आठवण निघाली असती. आता मी खांब असल्यासारखे सगळे जात होते.

सहाव्या खेपेला, सातव्या की आठव्या ढेंगेला, मागून पांढरी व्हॅन आली. पिवळा पट्टा. मी आवाजावरूनच ओळखली, क्लच घासतो तिचा. वैजू शाळेतून परत निघाली होती.

मी थांबलो नाही. थांबावंसं वाटलं होतं, पण मी मुद्दाम ढकलत राहिलो आणि मान वळवून बघितलं. व्हॅन इतक्या जवळून गेली की आरशाचा वारा बाहीला लागला. माझ्या अंगात तिनेच दिवाळीला घेतलेला पिवळाधमक शर्ट होता. तिच्या हातात फोन नव्हता. ती डुलकी घेत नव्हती, गाणं लावलं नव्हतं. दोन्ही हात चाकावर होते आणि डोळे उघडे, सरळ समोर. त्या डोळ्यांवरून मी सरकत गेलो आणि तिला दिसलो नाही.

सायकल धरून मी कदमबाईंच्या कट्ट्यावर बसलो.

"काका, ती व्हॅन किती जवळून गेली माहिताय?" तबस्सुम कानात ओरडत होती. "जेमतेम हातभर! बीप गेलाच नाही तिला."

"माहीत आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी वैजू भाकऱ्या थापत होती. मी पाटावर बसलो होतो.

"सकाळी शाळेतनं येताना रस्त्यात काय दिसलं?"

"काय दिसायचंय? काही नाही. मोकळा होता रस्ता. एक बीपसुद्धा वाजला नाही."

"मी हुतो."

"कुठं?"

"कदमबाईच्या दारासमोर. सायकलीवर. पिवळा शर्ट घालून."

तिचे हात परातीत थांबले. आधी तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, आणि लगेच चिडला.

"परीक्षा घेत होता माझी? बाप आहात का हवालदार?"

"मला वाटलं हुतं तू खोटं बोलतीयास."

"मग? बोलत होते का?"

"नाही. खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, वैजू. खोटं कसं पकडायचं ते मला येतं. हे काय हाय तेच मला कळंना."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने गॅस बंद केला. मी तिला सगळं सांगितलं. फाइल माझ्याकडे आली आहे हे, पट्टणशेट्टींची पाटी जाते आहे हे, आणि पाच वर्षांपूर्वी दोरीच्या बाहेर मी कुणाला हाकललं होतं तेही.

"परत पाठवा फाइल," ती म्हणाली. "दुसरं कुणीतरी बघेल."

"दुसरं कुणीतरी दोन मिनिटांत मान्य करेल. मीबी रोज तेच करतोय."

"आणि तुम्ही बदललं तर माझा परवाना जाईल. पोरांना मी दुसरं काय करून जगवू?" तिचा आवाज चढला. "पाच वर्षं तार सांगतेय कुणीकडं बघायचं. न बघायचं तिनंच शिकवलं ना मला? मग तिला किती टक्के?"

"तिचा रकाना नाही. दोनच हायत. वाहनचालक आणि सायकलस्वार. बेरीज शंभर."

"आणि म्हाताऱ्यांना ज्यानं हाकललं त्याला?"

"त्याचाबी नाही."

ती भिंतीला टेकून खाली बसली. पिठाचे हात मांडीवर तसेच. मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. पट्टणशेट्टींच्या जागी शाळेतलं पोर असतं तर, हे माझ्या ओठावर आलं होतं, पण मी ते बोललो नाही. तिच्याही मनात तेच आलं असणार, कारण तिने एकदम विचारलं, "किती जवळनं गेले मी?"

मी तिच्याशेजारी बसलो आणि हात लांब केला. बोटं तिच्या खांद्याला लागली. ती त्या हाताकडे बघत राहिली, बोटांपासून कोपरापर्यंत, मग वर माझ्याकडे. असं नीट तिने मला कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं, आणि मीही तिला.

"लिहा," ती म्हणाली.

मी टॅब आणला आणि तिच्यासमोरच फाइल उघडली. शेऱ्याच्या चौकटीत आधी लिहिलं: वाहनचालक माझी मुलगी आहे. तारेला शिकवताना टांग मारून बसणारे सायकलस्वार मी येऊ दिले नाहीत, रजिस्टरमधली नोंद खोटी आहे, शनिवारच्या चाचणीचा आलेख सोबत जोडला आहे. असं लिहिलं की फाइल जिल्ह्याच्या समितीकडे जाते आणि पडताळणी अधिकारी घरी बसतो, हे मला ठाऊक होतं. त्याचं काही वाटलं नाही. मग मी रकान्यांकडे वळलो आणि सायकलस्वाराच्या समोर शून्य टाकलं.

वैजूच्या रकान्यातला आकडा मला टाकावा लागला नाही. बेरीज जुळायला हवी म्हणून यंत्राने तिथे शंभर आपणहूनच भरले.